गुरुवारची सुट्टी आणि शोधाचा आलेख

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पत्रिकेवर 'मोठ्या संकेतस्थळांच्या शोध-नोंदी : एक इतिहास' असा छापलाय. ऐकूनच झोप यावी असा आहे. म्हणून मी सुरुवात गुरुवारापासून करतो.

भोसरी, पिंपरी, चिंचवड या भागात ज्यांनी नोकऱ्या केल्या त्यांना हे सांगायला नको, की इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या औद्योगिक भागांचा विजेचा भार एकाच दिवशी कमी-जास्त होऊ नये म्हणून सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटल्या, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. पाहुणे रविवारी येतात आणि घरचा माणूस पहिल्या पाळीला गेलेला असतो, हे या गावात तीन पिढ्या चाललंय.

आता समजा, कटिंग टूल्स, बेअरिंग, नटबोल्ट असं विकणारं एक मोठं संकेतस्थळ आहे. लाखभर पानं. ग्राहक मुख्यतः याच पट्ट्यातला, म्हणजे भोसरीपासून चाकणपर्यंतचा. गूगलवर शोधून किती लोक या पानांवर आले याचा रोजचा आलेख काढला, तर गुरुवारी खड्डा दिसायला हवा. पण दिसतं काय? बुधवारी अर्धा खड्डा, गुरुवारी अर्धा. का? कारण गूगलच्या सर्च कन्सोलमधला रोजचा आकडा हा कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर मोजलेला असतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, आणि त्यांचं घड्याळ मागे घेतलेलं असेल त्या महिन्यांत दीड. म्हणजे आपल्या गुरुवारची अख्खी सकाळ त्यांच्या बुधवारात जमा होते. आपली पहिली पाळी अर्धी एका दिवसात, अर्धी दुसऱ्या दिवसात.

मी एका बैठकीला बसलो होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. तिथे एका तरुण मुलानं फार सुंदर स्लाइड दाखवली होती : 'बुधवारी आपण कमी पडतो.' आणि उपाय म्हणून बुधवारी जाहिरातीचा खर्च वाढवायचं ठरलं. म्हणजे गुरुवारी सकाळी, शटर बंद असताना. (हशा) हसू नका, त्या मुलाची चूक नव्हती. त्याला आलेखाखाली कुणाचं घड्याळ आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. आज मला जे सांगायचंय ते एवढ्याच प्रकारचं आहे. आकडा कुठून येतो, कोणी मोजला, आणि मोजताना काय गळलं.

थोडं मागे जाऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ च्या १ ऑगस्टला एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को आली, बजाज आली. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ च्या ११ ऑक्टोबरला महापालिका. चाकणचा नंबर नंतर लागला. बजाजचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा, मर्सिडीजही त्याच सुमारास पिंपरीतून तिकडे गेली. त्याआधी चाकण म्हटलं की लोकांना कांद्याचा बाजार आठवायचा, नाहीतर फिरंगोजी नरसाळ्यांचा किल्ला. आजही 'चाकण' एवढाच शब्द टाकून शोधणाऱ्याला नक्की काय हवंय, नोकरी, प्लॉट, ट्रॅफिकची खबर की संग्रामदुर्ग, हे यंत्राला अंदाजानंच ठरवावं लागतं.

या मोठ्या कारखान्यांच्या मागे हजारो छोटी वर्कशॉप्स वाढली. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि जॉबवर्क. आता प्रश्न असा, की खरेदी खात्यातल्या माणसाला हवा तो वर्कशॉपवाला सापडायचा कसा? ओळखीनं. चहाच्या टपरीवर. निवृत्त फोरमनला विचारून. कुणाच्या तरी डायरीतून. आणि मग डिरेक्टरीतून. पिवळ्या पानांची डिरेक्टरी काढण्यावरून टाटा प्रेस आणि एमटीएनएल यांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की व्यापारी जाहिरात हीसुद्धा घटनेनं संरक्षण दिलेली अभिव्यक्ती आहे. गंमत बघा, त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएलनं सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं.

पण डिरेक्टरीत एक गोष्ट नव्हती. कोणी पान उघडलं, काय शोधलं, सापडलं नाही म्हणून मिटून ठेवलं, याची कुठेच नोंद नाही. टपरीवर 'गिअर हॉबिंग कोण करतं रे?' असं विचारून रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस इतिहासात नाही. इंटरनेटनं पहिल्यांदा हे केलं, की प्रश्नच लिहून ठेवला. मला हा बदल फार मोठा वाटतो. आपण सहसा उत्तरं जपून ठेवतो. दप्तरं, जमाखर्च, पावत्या. प्रश्न कोण जपतं?

सुरुवातीला हे प्रश्न संकेतस्थळाच्या मालकाला आपोआप मिळायचे. तुम्ही शोधयंत्रात शब्द टाकले, निकालावर क्लिक केलं, की ज्या पत्त्यावरून तुम्ही आलात तो पत्ता समोरच्या सर्व्हरच्या नोंदवहीत पडायचा, आणि त्या पत्त्यातच तुमचे शब्द असायचे. आपल्याकडे तेव्हा 'खोज' नावाची भारतीय निर्देशिका होती, राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डची. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं तो सगळा गट ४९९ कोटी रुपयांना घेतला आणि देशभर चर्चा झाली. इतके पैसे कशाचे? लोक काय शोधतात त्या वाटेवर उभं राहण्याचे.

इथे मराठीचं काय चाललं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचं मोठं काम तिथे झालं. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे रस्ता तयार होता. पण छापखान्यांत आणि वर्तमानपत्रांत जे फॉन्ट चालायचे, त्यांत युक्ती वेगळी होती. रोमन अक्षराच्या घरात देवनागरी अक्षराचं चित्र बसवलेलं. डोळ्याला 'पिंपरी' दिसायचं, आत मात्र रोमन अक्षरांची आणि खुणांची निरर्थक भेळ. वर्तमानपत्रं संकेतस्थळांवर गेली ती हेच फॉन्ट घेऊन. माणसाला वाचता यायचं, शोधयंत्राला नाही.

परिणाम काय झाला? मजकूर भरपूर, पण शोधून कोणी येईना. नोंदवहीत मराठी शब्द शून्य. आणि त्या शून्यावरून निष्कर्ष निघाला, की मराठीत कोणी शोधत नाही. दुकानाला कुलूप लावायचं आणि गल्ला बघून म्हणायचं की गिऱ्हाईक नाही, तसला प्रकार. मराठी विकिपीडिया मे २००३ मध्ये सुरू झाला तो युनिकोडमध्ये, आणि अशा कामांमुळे देवनागरीतला मजकूर हळूहळू यंत्राला दिसू लागला. पण तो निष्कर्ष मात्र अनेक कार्यालयांत तसाच राहिला. अजून आहे.

आता आपल्या गावातलं एक उदाहरण. १५ ऑगस्ट २०१३ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 'सारथी' सुरू केलं. श्रीकर परदेशी तेव्हा आयुक्त होते. कल्पना साधी होती. नागरिक महापालिकेला कोणते प्रश्न विचारतात ते खातेवार गोळा करायचे, त्यांची उत्तरं लिहायची, आणि ती पुस्तिकेत, संकेतस्थळावर आणि फोनच्या हेल्पलाइनवर द्यायची. माझ्या मते या शहराच्या इतिहासात 'सारथी'ची नोंद तक्रार निवारण म्हणून घेतली जाते, तिथे थोडा अन्याय होतो. ती प्रश्नांची व्यवस्था होती. कार्यालयानं आपल्या खात्यांच्या नावांवरून सुरुवात न करता माणूस काय विचारतो तिथून सुरुवात केली.

आणि फोनवर माणूस असतो, हे महत्त्वाचं. कोणी म्हणतं घरपट्टी, कोणी मिळकतकर, कोणी मालमत्ता कर, कोणी प्रॉपर्टी टॅक्स. फोन उचलणाऱ्याला हे चारही एकच आहे हे कळतं, तो एकाच खान्यात टाकतो. शोधाच्या नोंदींत मात्र ते चार वेगळे प्रश्न असतात. त्यातला प्रत्येक देवनागरीत एक आणि रोमनमध्ये एक. रोमनमध्ये चिंचवडचं स्पेलिंग 'डब्ल्यू'नं आणि 'व्ही'नं. पिंपरी अनुस्वारानं, नाहीतर अर्ध्या म ला प जोडून. सातबारा अक्षरात, ७/१२ आकड्यात, आकडे पुन्हा दोन लिप्यांत. बघता बघता एका साध्या प्रश्नाचे वीस तुकडे होतात.

तुकडे झाले तर झाले, बेरीज करू, असं तुम्ही म्हणाल. तिथेच खरी अडचण आहे, आणि तिचं कारण २००६ सालात आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे जवळजवळ दोन कोटी शोध जाहीर केले. नावं काढून, प्रत्येकाला एक क्रमांक देऊन. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी नुसत्या शोधलेल्या शब्दांवरून एका वयस्कर बाईंचं घर शोधून काढलं. गावाचं नाव, आडनावाची माणसं, दुखणी, कुत्र्याची काळजी, सगळं त्या शब्दांत होतं. माणूस देवाशीही बोलत नाही इतकं खरं शोधाच्या चौकटीत बोलतो. त्या प्रकरणानंतर ही नोंद किती धोक्याची आहे हे सगळ्यांना कळलं.

गूगलनं पुढे ऑक्टोबर २०११ पासून खात्यात शिरलेल्या लोकांचे आणि सप्टेंबर २०१३ पासून जवळपास सगळ्यांचे शोध झाकले. म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या नोंदवहीत पडणारे शब्द बंद. आता ते फक्त गूगलच्या स्वतःच्या वहीतून मिळणार, त्यांनी दिले तेवढे. ही वही २००६ पासून वेबमास्टर टूल्स नावानं होती, २०१५ मध्ये तिचं नाव सर्च कन्सोल झालं. आणि या वहीत एक नियम आहे. दोन-तीन महिन्यांत काही डझन लोकांनीसुद्धा विचारला नाही असा प्रश्न दाखवायचा नाही. एकूण आकड्यात तो धरलेला असतो, पण यादीत त्याचं नाव येत नाही.

नियम योग्य आहे. मी त्याच्या बाजूनं आहे. दुर्मिळ प्रश्नावरून माणूस ओळखू येतो, हे त्या बाईंनी भोगलं. पण त्याचा मराठीवर काय परिणाम होतो बघा. इंग्रजीत एक प्रश्न एका स्पेलिंगनं शंभर लोक विचारतात, तो उंबरठा ओलांडतो आणि यादीत येतो. मराठीत तेच शंभर लोक वीस तऱ्हांनी विचारतात, प्रत्येक तऱ्हेला पाच. वीसच्या वीस अदृश्य. माणसं तितकीच, गरज तितकीच, यादीत मात्र एक शून्य आणि एक शंभर. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.)

मोठ्या संकेतस्थळाला दुसरी चाळणी लागते. सर्च कन्सोलच्या पडद्यावर हजारच ओळी दिसतात. प्रोग्राम लिहून मागवल्या तर दिवसाला पन्नास हजारांपर्यंत. लाखभर पानं असलेल्या ठिकाणी तीही वरवरची साय. फेब्रुवारी २०२३ पासून अख्खी नोंद बाहेर काढून स्वतःच्या कोठारात साठवायची सोय झाली, तिथे ओळींची मर्यादा नाही, पण लपवलेले प्रश्न तिथेही निनावीच एका गठ्ठ्यात येतात. त्याआधी लोक संकेतस्थळाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाची वेगळी नोंदणी करायचे, म्हणजे प्रत्येकाची हजार-हजाराची यादी वेगळी मिळते. जुनी युक्ती, अजून चालते.

आता मी पाहिलेली गोष्ट सांगतो. नाव पुन्हा गाळतो. एका मोठ्या संकेतस्थळाचा मराठी विभाग होता. कामगारांसाठीची माहिती. भरती कशी होते, अप्रेंटिसचे नियम, पीएफ कसा काढायचा. बैठकीत हजार ओळींची यादी आली. कोणीतरी त्यात देवनागरी शब्दांची गाळणी लावली. मूठभर ओळी. इथे एक बारकावा आहे. प्रश्नाच्या शब्दांवर गाळणी लावली, की लपवलेले प्रश्न एकूणातूनही वगळले जातात. म्हणजे मूठभर ओळी आणि खाली बेरीजही मूठभर. निर्णय झाला, विभाग बंद. काही महिन्यांनी त्याच पानांचा आकडा पानांनुसार काढला, शब्दांनुसार नाही. पानांच्या मोजणीत लपवलेले प्रश्नही धरले जातात. तेव्हा दिसलं की तो विभाग चांगला वाचला जात होता. पण तोवर लिहिणारी दोन माणसं दुसऱ्या कामाला लागली होती आणि पानं काढून टाकलेली होती. चाकणला भरतीच्या नावाखाली पैसे उकळणारे एजंट आपण सगळ्यांनी पाहिलेत. ज्या पोरानं 'पैसे भरावे लागतात का' असं मराठीत विचारलं असेल, त्याला त्या दिवसापासून तिथलं उत्तर मिळणं बंद झालं. मी त्या बैठकीत होतो आणि बोललो नाही. तेव्हा मलाही तो गाळणीचा बारकावा ठाऊक नव्हता.

आता शेवटचा भाग, आणि तो या सभागृहातल्या बऱ्याच जणांना माझ्यापेक्षा जास्त कळतो. कंट्रोल चार्ट.

१६ मे १९२४ ला वॉल्टर शेवार्ट नावाच्या अभियंत्यानं आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. मधली रेषा, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक चढउताराला कारण शोधत बसू नका. मशीन चांगली असली तरी माप थोडं हलणारच. मर्यादेबाहेर गेलं तर थांबा आणि शोधा. प्रत्येक नगानंतर सेटिंग बदललं तर रिजेक्शन वाढतं, कमी होत नाही. हा माणूस १९४७-४८ च्या हिवाळ्यात महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून भारतात आला होता, आणि आपल्याकडच्या गुणवत्ता नियंत्रणाच्या चळवळीला त्यातून जोर मिळाला. आज या पट्ट्यात कंट्रोल चार्ट शॉप फ्लोअरवर लटकलेला असतो, ऑपरेटरला वाचता येतो. आणि त्याच कंपनीच्या एसी ऑफिसमध्ये शोधाचा आलेख चार टक्के खाली आला की धावपळ होते!

दुसरं, शेवार्टनं सांगितलं की दोन मशीनचा माल एका बिनमध्ये टाकून मोजू नका. सर्च कन्सोलमधली 'सरासरी स्थान' ही गोष्ट नेमकी तशी आहे. समजा तुमचं पान शंभर वेळा दुसऱ्या क्रमांकावर दिसत होतं. सरासरी दोन. मग ते आणखी काही नव्या प्रश्नांना शंभर वेळा चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागलं. सरासरी एकवीस. साहेब म्हणतात, घसरलो. अरे, घसरलो कुठे? जुना माल तसाच आहे, बिनमध्ये नवा माल पडलाय.

याचा उलटा नमुना सप्टेंबर २०२५ मध्ये जगानं पाहिला. गूगलच्या पत्त्याला एक शेपूट जोडलं की एका पानावर शंभर निकाल मिळायचे. क्रमांक तपासणारी सॉफ्टवेअर ते वापरायची. शेपूट चालेनासं झालं, आणि अनेक संकेतस्थळांचा 'किती वेळा दिसलो' हा आकडा कोसळला, सरासरी स्थान मात्र एकदम सुधारलं. बहुतेक अभ्यासकांनी निष्कर्ष काढला तो असा, की आधीच्या आकड्यांत बराच भाग माणसांचा नव्हताच, यंत्रांचा होता. क्लिक बहुतेकांचे जागच्या जागी होते.

वेळ संपत आलीय असं खुणावताहेत. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून : सर, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली तर हा घोटाळा टळेल ना?)

काही प्रमाणात टळेल. २०१८ च्या आधी तर तेही जमत नव्हतं, नव्वद दिवसांचीच नोंद मिळायची. आता सोळा महिन्यांची मिळते. पण महिना कुणाचा? २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दिवाळीला इथले कारखाने बंद, पट्टा अर्धा गावी गेलेला. तुम्ही ऑक्टोबरशी ऑक्टोबर लावलात तर २०२५ चा पडलेलाच दिसणार. दिवाळीचा आठवडा दिवाळीच्या आठवड्याशी लावा, खंडेनवमी खंडेनवमीशी. आणि वार बघताना बुधवार-गुरुवार जोडीनं बघा, ते घड्याळ विसरू नका.